पडद्यावर राहून गेलेला फोटो

आक-काया, १२ ऑक्टोबर २००९

एर्मेक आके,

सलाम. हे पत्र आणि कुरुतच्या, सुकवलेल्या दह्याच्या गोळ्यांची पिशवी शामशीच्या मारशुत्का गाडीतून पाठवते आहे. पिशवी अर्धी निघाली तर समजा, खिंड चढताना शामशीला भूक लागली.

फोनच केला असता. पण आमच्याकडे फोन एनेंच्या, म्हणजे सासूबाईंच्या शेजारी असतो. "खिडकी राखाडी होते, काहीच दिसत नाही" असं मी माहेरी सांगताना त्यांनी ऐकलं, तर केलिनला, सुनेला, आपल्या घराच्या खिडक्यांचाही कंटाळा आला म्हणतील. शिवाय तुम्ही फोनवर सांगता ते संगणकाचे शब्द मला एकेक अक्षर करून विचारावे लागतात आणि तुम्ही हसता. म्हणून लिहूनच विचारते, लिहूनच सांगा.

ऑगस्टमध्ये तुम्ही आमच्या दवाखान्यातल्या एक्स-रेच्या खोलीत संगणकावर लिनक्स बसवून गेलात. एरवी ते छान चाललं आहे. पूर्वीसारखा दर आठवड्याला व्हायरस शिरत नाही. आमच्या डॉक्टर राया ओस्मोनोव्ना तर पडद्याचा जो फिरता ठोकळा होतो त्यावर अजून खूश आहेत. कोणी तपासणीला आलं की रोग्याचा फोटो राहतो बाजूला, आधी ठोकळा. पडदा गरकन फिरवतात, खिडक्या ओल्या चादरीसारख्या हलवून दाखवतात आणि म्हणतात, "बघा, राजधानीत तरी आहे का असं?" परवा एक म्हातारी घाबरून म्हणाली, "डॉक्टरीणबाई, आधी ते थांबवा, मला गरगरतंय."

पण छातीचे फोटो बघायचा जो प्रोग्राम आहे, त्याची खिडकी कधीकधी उघडते आणि नुसती राखाडी राहते. आत काही नाही. बंद करून उघडली की येते, कधी दोनदा करावं लागतं. त्यावर दुसरी एखादी छोटी खिडकी आली की मागे सगळं लुकलुकतं. माझ्याकडून काही चुकीचं दाबलं गेलं का, हे मी पुष्कळ आठवून पाहिलं. आठवत नाही. पण म्हणून चुकलंच नसेल असं नाही.

घरी सगळे बरे. करड्या घोड्याचे अता, म्हणजे माझे थोरले चुलतसासरे, सप्टेंबरमध्ये फार खोकत होते. त्यांचाही फोटो काढला होता. राया ओस्मोनोव्ना म्हणाल्या, छाती स्वच्छ आहे, धुराचा खोकला असेल. आता ते मेंढ्या घेऊन खिंडीपलीकडच्या हिवाळी तळावर गेलेत. धाकटी नात आयिम हट्टाने बरोबर गेली.

तुमची कियाल


बिश्केक, १७ ऑक्टोबर २००९

कियाल,

कुरुत पोचलं. पिशवीत तळाशी होतं तेवढं. शामशीला विचारलं तर म्हणतो, "उंदीर असतील." मारशुत्कात मिशीवाला उंदीर एकच आहे.

तू काही चुकीचं दाबलेलं नाहीस. चार वर्षांची असल्यापासून तू सगळ्या जगाच्या चुका स्वतःच्या नावावर लिहून घेतेस. आता जरा दुसऱ्यांना संधी दे.

काय होतं ते सांगतो. आधी प्रत्येक प्रोग्राम आपलं चित्र थेट पडद्यावर काढायचा. पडद्यावरचे इफेक्ट्स चालू केले की तसं होत नाही. प्रत्येक प्रोग्राम आपापल्या वेगळ्या कागदावर चित्र काढतो आणि इफेक्ट्सचा कारभारी ते सगळे कागद गोळा करून पडद्यावर मांडतो. म्हणून तर तो त्यांचा ठोकळा करू शकतो, हलवू शकतो. तुमचा फोटोंचा प्रोग्राम जावा नावाच्या भाषेत लिहिलेला आहे, जुन्या वळणाचा आहे. त्याला हा कारभारी कळतच नाही. तो म्हणतो मी काढलं, हा म्हणतो मला दिलंच नाहीस. मध्ये तुला राखाडी दिसतं.

सोबतच्या फ्लॅश ड्राइव्हवर एक छोटी फाईल आहे. प्रोग्राम सुरू करणारी जुनी फाईल काढून तिथे ही ठेव. तिच्यात मी सगळ्यात वर एक ओळ वाढवली आहे. तिच्यामुळे प्रोग्राम खिडकी काढायची दुसरी पद्धत वापरेल. राखाडी जाईल.

इफेक्ट्स मात्र बंद करू नकोस. तसं केलं तर भांडणच मिटेल, पण राया ओस्मोनोव्नांचं तोंड पडेल. आणि नोव्हेंबरअखेर प्रांताच्या आरोग्य कार्यालयातला माणूस तुमच्याकडे बघायला येणार आहे. त्याला आवडलं तर आणखी दवाखान्यांचं काम मला मिळेल. त्याला छातीचे फोटो काय कळणार? ठोकळा कळेल.

एर्मेक


आक-काया, २६ ऑक्टोबर २००९

एर्मेक आके,

फाईल बदलली. राखाडी गेली. राया ओस्मोनोव्नांनी तुम्हाला दुवा दिला.

पण दुसरं एक दिसलं आहे आणि ते मला राखाडीपेक्षा वाईट वाटतं. राखाडी निदान राखाडी आहे हे कळतं.

तुम्हाला आमची पद्धत माहीत नाही, सांगते. खिडकीच्या वरच्या पट्टीत रोग्याचं नाव येतं आणि फोटोच्या कोपऱ्यातही बारीक अक्षरांत नाव असतं. ते यंत्रातूनच फोटोवर उमटून येतं. राया ओस्मोनोव्नांना ती बारीक अक्षरं दिसत नाहीत. म्हणून मी कोपऱ्यातलं नाव मोठ्याने वाचते, त्या पट्टीतलं वाचतात, जुळलं की मग त्या फोटो बघतात. ही रीत मीच सुरू केली. आपल्या वडिलांनी आपल्याला नदीचं पाणी मोजायच्या पट्टीपाशी शिकवलं होतं तशी. एकाने पाणी किती ते वाचायचं, दुसऱ्याने तेच परत म्हणायचं, मगच लिहायचं. पहिल्या दिवशी राया ओस्मोनोव्ना म्हणाल्या होत्या, "मुली, ही काय शाळेतली हजेरी?" पण मानली त्यांनी.

गुरुवारी मी एका मुलाचा फोटो मिटून सायराखान आजींचा उघडला. वरच्या पट्टीत सायराखान आलं. मी कोपऱ्यातलं वाचलं तर त्या मुलाचं नाव. राया ओस्मोनोव्ना म्हणाल्या, "नीट वाच." मी नीटच वाचलं होतं. पडद्यावर मुलाच्याच फासळ्या होत्या. मी खिडकीला माऊसने जरा धक्का दिला मात्र, चित्र टुणकन बदललं आणि आजींची छाती आली. राया ओस्मोनोव्ना हसायला लागल्या. "बघ, आजीबाई लाजत होत्या." त्या सोडून देतात. मला सोडून देता येत नाही.

त्यानंतर मी मुद्दाम पुष्कळ फोटो उघडले-मिटले. बहुतेकदा बरोबर येतात. कधीतरी मागच्याचाच राहतो. कधी राहील ते सांगता येत नाही.

मला एवढंच विचारायचं आहे: हे तुमच्या त्या नव्या ओळीमुळे झालं, की आधीपासून होतं?

कियाल


बिश्केक, २९ ऑक्टोबर २००९

कियाल,

त्या ओळीमुळेच असणार. एक दुरुस्त करायला गेलं की दुसरं बिघडतं, हा आमच्या धंद्याचा नेमच आहे. ती ओळ काढून टाक, राखाडी परत येईल, पण राखाडीने कोणाचं वाईट होत नाही. नोव्हेंबरचा पाहुणा येऊन गेला की मी स्वतः येतो आणि नीट बसवून देतो. तोवर फोटो उघडला की खिडकीला एक धक्का द्यायचा. तळावर तंबूत शिरताना दारावरच्या लोकरीच्या नमद्याला देतो तसा.

आणि तू कशाला जीव खातेस? तू प्रत्येकाचं नाव मोठ्याने वाचतेस ना? मग चुकीचा फोटो तुझ्या हातून सुटणारच कसा? तुझा हा काटेकोरपणा आम्हाला आयुष्यभर छळत आला, आता एकदाचा कामी येतोय.

नवऱ्याला सलाम. तिलेकने अजून ती खटारा जीप विकली नसेल तर त्याला सांग, गिऱ्हाईक आंधळंच शोधावं लागेल.

एर्मेक


आक-काया, ३ नोव्हेंबर २००९

एर्मेक आके,

तुम्ही विचारलंत, प्रत्येकाचं नाव वाचतेस ना.

नाही. प्रत्येकाचं नाही.

करड्या घोड्याचे अता आले तेव्हा नाही वाचलं. कसं वाचणार? ते माझ्या सासऱ्यांचे थोरले भाऊ. या घरात आल्यापासून मी त्यांचं नाव तोंडातून काढलेलं नाही. एनेंनीही तीस वर्षांत काढलेलं नाही. त्या तर त्यांच्या नावासारखा वाटणारा शब्दसुद्धा टाळतात. आणि त्या दिवशी ते स्वतः दारातच उभे होते, टोपी हातात घेऊन. त्यांच्यासमोर मी "नाव अमुक" म्हणून ओरडू?

राया ओस्मोनोव्ना म्हणाल्या, "वाच."

मी म्हटलं, "हे आमचेच आहेत. थोरले."

त्यांना कळलं. त्याही कोणाच्या तरी केलिन होत्याच. म्हणाल्या, "बरं बरं, तुमचेच असतील तर आम्ही काय पळवून नेणार आहोत?" दारातून अता म्हणाले, "मला पळवून नेलंत तर करडा घोडाही न्यावा लागेल, माझ्याशिवाय तो कोणाच्या हातचं खात नाही." सगळे हसलो. राया ओस्मोनोव्नांनी पट्टीतलं नाव पाहिलं, फोटो पाहिला आणि म्हणाल्या, "तरण्याची छाती आहे तुमची, अक्साकाल आजोबा." अतांना फार आवडलं ते. तळावर जाईपर्यंत सगळ्यांना सांगत होते, माझी तरण्याची छाती आहे.

त्यांच्या आधीचा फोटो रिसबेकचा होता. कोळशाचा ट्रक चालवतो तो. वय चोवीस.

मी काल अतांचा फोटो उघडला. खिडकी हलवली, कोपऱ्यातलं नाव डोळ्यांनी वाचलं, मग पाहिला. उजवीकडे, गळ्याच्या हाडाखाली ढगासारखं काही आहे. मी डॉक्टर नाही. जुना व्रण असेल, राया ओस्मोनोव्नांनी तेव्हा पाहून तसंच ठरवलं असेल. त्या तसं म्हणतात कधीकधी, "हे जुनं आहे, सोडून दे." पण तरण्याची छाती म्हणतील?

आके, आता सगळं एकाच गोष्टीवर आहे. ती ओळ मी ऑक्टोबरमध्ये घातली. अतांचा फोटो सप्टेंबरचा. तुम्ही म्हणता तसं हे त्या ओळीमुळेच होत असेल, तर राया ओस्मोनोव्नांनी त्यांचाच फोटो पाहिला आणि मी उगाच घाबरते आहे. पण आधीपासूनच होत असेल, तर अता तळावर क्षय घेऊन बसलेत आणि आयिम त्यांच्या कोटात शिरून झोपते.

राया ओस्मोनोव्नांना विचारायला मी दोनदा दारापर्यंत गेले. विचारलं की मी वाचलं नव्हतं हे निघेल, मग घरात निघेल. निघालं तरी चालेल, पण उगाच नको. खिंडीत बर्फ पडायला लागलं आहे. एकदा ती बंद झाली की वसंतापर्यंत तिकडे कोणी जात नाही.

खरं सांगा.

कियाल


बिश्केक, ७ नोव्हेंबर २००९

कियाल,

आधीपासून होतं.

ऑगस्टमध्ये मी तिथे चाचणीचे फोटो उघडून पाहिले तेव्हाच एकदा झालं होतं. मागचा फोटो पडद्यावर राहिला. मी खिडकी हलवली, बदलला. मला वाटलं, दिसण्यातली बारीक खोट आहे, कोणाच्या लक्षात येणार. तेव्हाच इफेक्ट्स बंद करायला हवे होते. पण राया ओस्मोनोव्ना मागे उभ्या होत्या, नुकताच ठोकळा पाहिला होता त्यांनी, आणि त्याच तोंडाने प्रांतात फोन करून माझं नाव सांगत होत्या. मी काही बोललो नाही. मागच्या पत्रात तुला ओळीमुळे झालं असं लिहिलं, ते तू घाबरू नयेस म्हणून लिहिलं असं मी स्वतःला सांगितलं. तसं नव्हतं.

ढग तुझ्या कल्पनेतला नाही. जा आणि सांग.

आधी इफेक्ट्स बंद कर. सिस्टिम, मग पसंती, मग रूप. तिथे शेवटच्या कप्प्यात तीन पर्याय आहेत, त्यात सगळ्यात वरचा निवड: काहीही नको. ठोकळा जाईल, हलणाऱ्या खिडक्या जातील, सगळं दगडासारखं होईल. माझी ती ओळही काढ. मग संगणक बंद करून चालू कर. डिस्कवरचे फोटो जसेच्या तसे बरोबर आहेत, खोटं बोलत होता तो फक्त पडदा. ऑगस्टनंतरचे सगळे पुन्हा बघा. सगळे.

आणि ऐक. तू नाव वाचलं नाहीस हे कोणाला सांगायची गरज नाही. संगणक बिघडला होता, एर्मेकने बिघडवला होता, एवढंच सांग. तेही खरंच आहे. तुला त्या घरात राहायचं आहे, मला नाही.

एर्मेक


आक-काया, १६ नोव्हेंबर २००९

एर्मेक आके,

तुमचं पत्र शामशीने दवाखान्यातच आणून दिलं. वाचल्यावर मी तशीच राया ओस्मोनोव्नांकडे गेले आणि म्हटलं, ठोकळा बंद करायचा आहे. त्या म्हणाल्या, "का, काय खाल्लं त्याने तुझं?" मग मी सगळं सांगितलं. तुमचं आणि माझं. तुम्ही नको म्हणाला होता, पण अर्धंच सांगितलं असतं तर ती रीत तशीच राहिली असती. घरचे आले की पुन्हा कोणीतरी वाचणार नाही.

त्या खुर्ची ओढून बसल्या आणि म्हणाल्या, "बंद कर आणि उघड." मी अतांचा फोटो उघडला. कोपऱ्यातलं नाव मी वाचायला तोंड उघडलं आणि तेव्हाही निघेना. त्यांनी भिंग घेतलं, स्वतः वाचलं. मग खूप वेळ बघत राहिल्या.

"हा मी पाहिला नव्हता," म्हणाल्या. "कियाल, हा माणूस मी पाहिलाच नव्हता. सही माझी आहे."

मी म्हटलं, "मी वाचलं असतं तर..."

"आणि मी चष्मा बदलला असता तर. पुरे. खिंड उघडी आहे का?"

तिलेक रात्रपाळीहून येऊन झोपला होता. त्याला उठवून सांगितलं. तो आधी म्हणाला, "तुझ्या भावाच्या त्या खेळण्यामुळे?" मी म्हटलं, खेळण्यामुळे आणि माझ्यामुळे. त्याने बूट चढवले. पण एने दारात उभ्या राहिल्या. माझ्याशी नाही, तिलेकशी बोलत होत्या. "तिला विचार, थोरल्यांना डोंगरातून उतरवून चारचौघांत खोकणारा म्हणून दाखवणार आहे का? त्यांच्या मुलांना विचारलं? गावाला काय सांगू?" तिलेक म्हणाला, "एने, गावाला नंतर सांगू, आधी त्यांना सांगू दे." त्या बाजूला झाल्या, पण डोक्यावरच्या रुमालाने तोंड झाकून.

खिंडीत जीप दोनदा अडकली. तुम्ही खटारा म्हणता त्या जीपने तरीही पोचवलं, एवढं तिच्याबद्दल चांगलं लिहिते.

अता गोठ्यापाशी होते. खूप वाळलेत. आम्हाला बघून हसले आणि लगेच खोकले. "तरण्याची छाती बघायला आलात?" आत चहा झाला. आयिम त्यांच्या मांडीवरून हलेना. मी बाहेर जाऊन सांगायचं ठरवलं होतं, पण ते म्हणाले, इथेच बोल. मग मी बोलले. रिसबेकचा फोटो कसा राहिला ते सांगितलं. मी नाव वाचलं नाही, तेही. मान खाली घालून सांगितलं, त्यामुळे त्यांचं तोंड दिसलं नाही.

ते म्हणाले, "म्हणजे ती छाती त्या कोळसेवाल्या पोराची."

"हो, अता."

"आणि मी महिनाभर इथे शेजारच्या तळांवर मिरवतोय." वाटी खाली ठेवली. "मला वाटत होतं, छाती चांगली आहे, मग दम का लागतो. म्हटलं, म्हातारपणाला फोटोत दिसत नसेल."

त्यांची बायको रडायला लागली. त्यांनी तिला गप्प केलं आणि मला विचारलं, "तू नाव घेतलं असतंस तर तेव्हाच कळलं असतं?"

"हो."

"मग घे."

मला वाटलं, ऐकण्यात चूक झाली. तिलेक पण बघायला लागला.

"घे ना. पुढच्या वेळी तिथे मी उभा असेन, आणि तू पुन्हा अडखळशील. इथेच अडखळून घे."

एर्मेक आके, मी घेतलं. कासिमाली. आधी आवाजच आला नाही, मग फार मोठ्याने आला. आयिमने वळून पाहिलं, तिला तिच्या आजोबांचं हे नाव माहीतच नव्हतं. मला वाटलं होतं, ते म्हणतील शाबास, काहीतरी म्हणतील. ते चहाच्या वाटीकडे बघत म्हणाले, "हं. परक्या बाईने घेतल्यासारखं वाटलं."

मग उठले आणि सामान बांधायला लागले.

काल त्यांना प्रांताच्या क्षय रुग्णालयात नेलं. थुंकीत जंतू निघाले. सहा-आठ महिने औषधं म्हणाले. वेळेवर आलात असं म्हणाले नाहीत, उशीर झाला असंही म्हणाले नाहीत. आयिमला खोकला आहे. इथे सगळ्यांनाच आहे, हिवाळ्यात असतो. पण तिचा फोटो पुढच्या आठवड्यात शुक्रवारी काढायचा आहे.

बाकीचे जुने फोटो आम्ही रोज थोडे थोडे बघतो आहोत. आतापर्यंत आणखी एक चुकलेला निघाला. तो उलटा आहे: एका बाईला अतांसारखा ढग सांगितला होता, तिला काहीच नाही. तिने गाय विकली होती औषधांसाठी.

कियाल


कोचकोरच्या वाटेवर, २१ नोव्हेंबर २००९

कियाल,

हे गाडीत लिहितोय, अक्षर लागलं नाही तर अंदाजाने वाच. म्हणजे तू अंदाजाने वाचणार नाहीस, शामशीला विचारशील.

तुमच्या दवाखान्यानंतर मी आणखी दोन ठिकाणी हेच बसवलं होतं. तुला सांगितलं नव्हतं. आधी प्रांताच्या कार्यालयात गेलो आणि त्या माणसाला सांगितलं की इफेक्ट्स सगळीकडे बंद करायचे आहेत आणि फोटो पुन्हा बघायचे आहेत. तो म्हणाला, "ठोकळा काढला तर मी वरिष्ठांना दाखवू काय? भिंत?" मी म्हटलं, भिंत दाखवा, निदान ती आहे तिथेच असते. म्हणाला, बघू. म्हणजे काम गेलं.

पहिल्या दवाखान्यात त्यांनी स्वतःच इफेक्ट्स बंद केले होते, संगणक जड चालतो म्हणून. मी आनंदाने त्यांना मिठी मारणार होतो. दुसरीकडे डॉक्टर ऐकून घ्यायला तयार नाही. म्हणतो, "माझ्या डोळ्यांवर मला भरवसा आहे." मी म्हटलं, डोळ्यांचा प्रश्न नाही, समोर काय ठेवलं याचा आहे. त्याने मला चहा दिला आणि दार दाखवलं. इफेक्ट्स बंद करून आलो, पण जुने फोटो त्याने उघडू दिले नाहीत. तिथे किती जण असतील मला माहीत नाही. तू राया ओस्मोनोव्नांना त्याच्याशी बोलायला सांगशील का? माझं तो ऐकणार नाही. माझं आता कोणी ऐकू नये असंच मला वाटतं.

तुझ्या थोरल्या सासऱ्यांना मी काय तोंडाने भेटू? आयिमचं कळव. ताबडतोब कळव, फोन कर, एने बसल्या असल्या तरी कर.

एर्मेक


आक-काया, २८ नोव्हेंबर २००९

एर्मेक आके,

फोन केला नाही, कारण काल तो एनेंनी कपाटात ठेवला आहे. त्या मला काही बोलत नाहीत. पूर्वीसारखा चहा माझ्या हातून घेतात, पण वाटी खाली ठेवायला लावतात आणि मग उचलतात.

राया ओस्मोनोव्ना त्या डॉक्टरांशी बोलल्या. फोन आदळला त्यांनी. मग कोट घातला आणि म्हणाल्या, "मी स्वतः जाते, माझ्यासमोर कसे नाही उघडत बघू." सोमवारी जाणार आहेत.

आता आयिम. काल तिला आणलं. लोखंडी पाटीला छाती टेकवताना तिला थंडी वाजली, म्हणाली, "केलिन एजे, हे बर्फ आहे का?" मी म्हटलं, श्वास धर, सोडू नकोस. तिने एवढा धरला की गाल फुगले, आणि मी सोड म्हटलं तरी सोडेना. आजोबांनी तिला सांगितलं होतं म्हणे, नीट केलंस तर लवकर परत येईन.

फोटो उघडला. इफेक्ट्स नाहीत, ओळ नाही. पडदा साधा, सपाट. मी कोपऱ्यातलं वाचलं, राया ओस्मोनोव्नांनी पट्टीतलं वाचलं. जुळलं. त्यांनी नवा चष्मा लावला होता. बघितलं, पुन्हा बघितलं आणि म्हणाल्या, "स्वच्छ आहे."

बाहेर तिची आई उभी होती. मला पळत जाऊन सांगायला हवं होतं. मी जागची हलले नाही. छाती खरोखर स्वच्छ होती, दोन्हीकडे काळीभोर, पाण्यासारखी. आणि ती स्वच्छ आहे हे दिसल्याबरोबर मला अतांची 'तरण्याची छाती' आठवली. राखाडी आली असती, वेडंवाकडं काही आलं असतं, तर मला इतकी भीती वाटली नसती.

राया ओस्मोनोव्ना माझ्याकडे बघत होत्या. मी म्हटलं, "एकदा बंद करून उघडू?"

त्या म्हणाल्या, "उघड."

मी संगणकच बंद केला. चालू केला. पुन्हा वाचलं, पुन्हा जुळलं, पुन्हा स्वच्छ. मग मी आणखी एकदा म्हटलं. त्यांनी नाही म्हटलं नाही, पण पेन खाली ठेवून थांबल्या. तिसऱ्यांदा चालू होत असताना आयिमच्या आईने दार ढकललं. एवढा वेळ का लागतो म्हणून ती पांढरीफटक पडली होती.

"काय आहे तिच्या छातीत?" तिने विचारलं. "मला सांगा. काय लपवताय?"

"काही नाही," मी म्हटलं. "काहीच नाही तिच्यात."

तिने माझ्यावर विश्वास ठेवला नाही.

तुमची
कियाल